पिंपातला खजूर

४ जानेवारी

आज एकदाचा पाक जमला. पहिल्या खेपेला करपला, दुसऱ्या खेपेला पाण्यासारखा राहिला. आज मात्र चमच्याच्या पाठीला धरून बसला आणि ताटलीत थेंब टाकला तर जागचा हलला नाही. कृती म्हणाल तर कुणालाही जमेल अशी. खजुराच्या बिया काढायच्या, कढत पाण्यात भिजत घालायचा, मऊ झाला की हाताने कुस्करायचा, मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचा आणि जे पाणी निघेल ते मंद आचेवर आटवत बसायचं. साखरेचा कणही नाही. फक्त शेवटी शेवटी तिथून हलायचं नाही, कारण तेव्हाच तो दगा देतो.

हा खटाटोप ह्यांच्यासाठी. दारू सुटल्यापासून ह्यांना गोडाची नुसती हाव सुटली आहे. चहात साखर घालायला लागले की मला डबा काढून घ्यावा लागतो. डॉक्टरांनी गेल्या वर्षी तोंडावर सांगितलं होतं, यकृत जेमतेम उरलंय, पुन्हा प्यायला लागले तर माझ्याकडे आणू नका, आणून उपयोग व्हायचा नाही. तेव्हापासून ह्यांनी थेंबाला हात लावलेला नाही. आणि म्हणून मुलगा पुन्हा घरी यायला लागलाय. बाप पितो म्हणून घर सोडून गेला होता, लग्नालाही बापाला बोलावलं नव्हतं. आता दर रविवारी सूनबाईला घेऊन येतो. बापलेक फारसं बोलत नाहीत, पण शेजारी बसतात. मला एवढं पुष्कळ झालं.

ह्यांनी चमचाभर पाक चाखला आणि डोळे मिटले. ‘अगं, हे विकायला ठेव,’ म्हणाले. उभ्या संसारात माझ्या हातच्या कशाला चांगलं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, ‘आधी चहात घालून प्या, मग दुकान काढू.’

९ जानेवारी

ही गोष्ट लिहायलाही लाज वाटते. मला वास येत नाही. मागच्या थंडीत तापाने अंथरूण धरलं, ताप गेला तो माझं नाक घेऊन गेला. जिभेला गोड, खारट, आंबट एवढं कळतं, बाकी सगळं सारखं. कांदा काय आणि सफरचंद काय.

शाळेच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, तिथे मला सगळे नाकवाली म्हणायचे. जिन्यात असतानाच मी ओरडायचे, दूध लागतंय, आच कमी करा. ह्यांचंही तेच. ह्यांच्या कारखान्याची पाळी सुटली की मी दारात आडवी उभी. ‘हा करा,’ मी म्हणायचे. हे तोंड उघडून माझ्या चेहऱ्यावर श्वास सोडायचे आणि मग भांडण. लवंग खा, बडीशेप खा, पान खा, मला फसवणं ह्यांना कधी जमलं नाही.

नाक गेल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. एक दिवस शेगडी विझली आणि मी गॅस भरलेल्या खोलीत आरामात भाजी निवडत बसले होते. ह्यांनी येऊन खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून बाहेर ओढलं. तेव्हा त्यांना कळलं. मी रडले. हे म्हणाले, ‘रडतेस काय? आजपासून तुझं नाक मी.’ तेवढ्यावर माझं सगळं भागलं. मुलाला अजून माहीत नाही. स्वयंपाक हाच जिचा धंदा, तिला वास येत नाही म्हटल्यावर तिच्या हातचं कोण खाणार?

१७ जानेवारी

कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या बाईंनी पाकाच्या बाटल्या ठेवून घेतल्या. पिंक टाकल्यासारखं बोलतात, पण माल बघून घेतात. ‘टिकतो ना?’ विचारलं. ‘थंड जागी ठेवलात तर महिनाभर सहज,’ मी म्हटलं. त्यांनी बाटली उघडून नाकाशी नेली, मान हलवली आणि मग बाटली माझ्यापुढे धरली. मीही नाकाशी नेली आणि मान हलवली. नाटक कंपनीत जायला हवं होतं मी.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर पोट धरधरून हसले.

२ फेब्रुवारी

मागणी वाढली तशी माझी कंबर धरली. वाकून कुस्करणं, पिळणं, भांडी उचलणं, या वयात सोपं नाही. हे म्हणाले, ‘भिजवण्याचं खातं माझ्याकडे दे. तू नुसती आटवायला बस.’ मागच्या अडगळीच्या खोलीतून सायकलचे सांगाडे काढले, दोन मोठी प्लास्टिकची पिंपं आणली, स्वच्छ घासली. कारखान्यातून काढून टाकल्यापासून हा माणूस खिडकीशी बसून रस्ता मोजत होता. आता सकाळी माझ्याआधी उठतो आणि पिंपाशी जातो.

मुलगा आला होता. बापाला पिंपं घासताना बघून त्याने बाह्या वर केल्या आणि दुसरं पिंप घासायला घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले.

११ फेब्रुवारी

हे म्हणतात खजूर जास्त दिवस भिजवला तर जास्त उतरतो. आणि इतका आटवायचाही नाही, सत्त्व निघून जातं. मला पटत नव्हतं, पण चव ह्यांची, वास ह्यांचा, मी बोलणार कुठल्या तोंडाने? आजच्या पाकाने जिभेला जरा चुणचुण झाली. ह्यांना विचारलं तर म्हणाले, खजूर नव्या जातीचा आहे.

२१ फेब्रुवारी

आज अब्रू गेली. दुकानवाल्या बाईंनी बोलावून घेतलं. एका बाटलीचं झाकण आपोआप उडालं होतं आणि फडताळभर पाक सांडला होता. बाकीच्या बाटल्यांत बुडबुडे. ‘आंबूस वास मारतोय, बाई. तुम्हाला येत नाही का?’ त्यांनी बाटली पुढे केली. गिऱ्हाईकं उभी होती. मी वाकून वास घेतला आणि म्हटलं, ‘येतोय खरा.’

बाटल्या पिशवीत भरून घरी आणल्या. ह्यांच्यावर ओरडले. न आटवता, इतके दिवस भिजत ठेवून हे असंच होणार होतं, मला कळायला हवं होतं. हे खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘चुकलं माझं. आण त्या इकडे, मागे ओतून टाकतो.’ इतक्या मुकाट्याने कधी ऐकून घेतलं नव्हतं माझं. मलाच वाईट वाटलं.

उद्यापासून पहिल्यासारखं. रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळायचा, लगेच आटवायचा.

५ मार्च

पाक पुन्हा जमतोय आणि बाईंनी पुन्हा बाटल्या घेतल्या आहेत. चोथा फार उरतो, तो टाकायला जीव होत नाही. ह्यांनी त्याचं खत करायचं काढलंय. एका पिंपात चोथा घालतात, पाणी घालतात आणि पाववाल्याकडून थोडं यीस्ट आणून टाकतात. लवकर कुजतं म्हणे. झाकणावर दगड ठेवलाय. ‘उघडू नकोस, वाफ गेली की खत वाया जातं,’ असं मला बजावून ठेवलंय. पाववाल्याशी चांगलीच गट्टी जमली आहे.

मी एकदा उघडून पाहिलंच. वर पिवळट फेस आणि खाली सारखं बुडबुड चाललेलं. भिंतीवर खिळ्याला स्टीलचा पेला अडकवलाय, ढवळायला असेल. कुंड्यांना खत घातलेलं काही मला अजून दिसलं नाही. झाडं वाळूनच चालली आहेत. पण कामात असतात, गुणगुणत असतात. माणूस आनंदात आहे, झाडांचं काय घेऊन बसायचं?

१८ मार्च

आज मनात पाल चुकचुकली. हे दुपारी जेवून झोपतात ते दिवेलागणीला उठतात. पावलं सुजली आहेत, चप्पल चढत नाही. परवा मोरीत घसरले आणि कोपर काळंनिळं झालं. पूर्वीही असंच सुरू व्हायचं.

पूर्वी मला दारातच कळायचं. आता समोरासमोर बसूनही कळत नाही. बोळा घातलेल्या कानाने गाणं ऐकायला बसल्यासारखं झालंय. शेवटी सरळ विचारलं, ‘तुम्ही घेताय का?’

हे माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं. ‘वर्ष काढलं मी,’ म्हणाले. ‘कसं काढलं ते मला माहीत. आणि तू असं विचारतेस.’ ताट तसंच ठेवून मागच्या खोलीत जाऊन बसले.

संध्याकाळी मी माफी मागितली. संशय हा माझा स्वभावच होऊन बसलाय. हे म्हणाले, ‘जाऊ दे,’ आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

३० मार्च, रविवार

जेवणं झाली. हे पाण्यासाठी उठले, टेबलाचा कोपरा मांडीत बसला आणि हे हसले. लागल्यावर कुणी हसतं का? मुलाने पेपर खाली ठेवला.

‘बाबा, घेतलीय का तुम्ही?’

सूनबाई ताटं उचलत होती, ती थांबली.

‘वेड लागलंय का तुला?’ हे म्हणाले.

‘मग डोळे असे का दिसताहेत?’

‘झोप होत नाही मला.’

मुलगा उठून त्यांच्याजवळ गेला आणि पुन्हा मागे सरला. ‘या घरात सगळीकडे खजूरच भरून राहिलाय. पार जिन्यापर्यंत वास येतो. मला काही कळत नाही त्यात.’

तेव्हा हे म्हणाले, ‘तुझ्या आईला विचार ना. तिच्या नाकापुढे कधी माझं काही चाललंय?’ आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी न सांगताच त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्या चेहऱ्यावर हा केलं.

गरम वाफ लागली, एवढंच मला कळलं. तिघंही माझ्याकडे बघत होते. ह्यांची नजर माझ्या नजरेत होती, पापणी हलली नाही. मुलासमोर माझं पितळ उघडं पडू नये म्हणूनच इतकं धीराने उभे राहिले असणार. मी पूर्वीसारखं नाक वर करून दोनदा हुंगलं आणि म्हटलं, ‘काही नाही.’

मुलाचा चेहरा एकदम सैल झाला. ‘चुकलो, बाबा,’ म्हणाला. लहान असताना चुकलो म्हणायचा तसाच. मग बापाचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि दोघं बराच वेळ बोलत राहिले. त्याच्या नव्या कामाबद्दल, भाड्याच्या जागेबद्दल. जाताना सूनबाई माझ्या कानात म्हणाली, ‘आई, हे घरी गेल्यावरही बाबांबद्दलच बोलतात हल्ली.’

इतका चांगला रविवार आमच्या घरात कधी झाला नव्हता.

१४ एप्रिल

दुकानवाल्या बाई आणखी बाटल्या मागताहेत. ह्यांचं पोट फुगलंय. खजुराने गॅस धरलाय म्हणतात. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर उद्या, परवा. खाणं जवळजवळ बंद आहे. तरी पिंप ढवळायला चुकत नाहीत.

२६ एप्रिल

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. लिहिलं नाही तर ओरडेन.

सकाळी हे बेसिनशी वाकले होते. मला वाटलं चूळ भरताहेत. रक्त होतं. बेसिन भरून, भिंतीवर, सदऱ्यावर. मुलाला फोन केला, तो कामावरून तसाच धावत आला, बापाला दोन्ही हातांवर उचलून खाली नेलं.

डॉक्टर तेच, गेल्या वर्षीचे. ‘पुन्हा सुरू केली होती?’

‘नाही,’ मी ठासून म्हटलं. ‘थेंब नाही.’

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. ‘बाई, यांच्या तोंडाला, घामाला, कपड्यांना वास आहे. तुम्ही यांना धरून उभ्या आहात.’

मी ह्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. काही आलं नाही. कापड ओलं आहे, एवढंच कळलं.

मग एकेक सगळं समोर आलं. पिंप, पेला, पाववाला, फेस, त्या मुकाट्याने नेलेल्या बाटल्या. माझ्याच खजुराची, माझ्या घरात, मी ज्या खोलीवरून दिवसभर ये-जा करते त्या खोलीत. आणि माझं नाक गेलंय हे साऱ्या जगात एका माणसाला माहीत होतं. त्याने ते वापरलं. मुलासमोर माझ्या तोंडावर श्वास सोडून वापरलं, आणि मी त्याला माझा मान राखला असं समजून वर खूश झाले.

मला उठून आत जावं आणि त्या माणसाला गदागदा हलवावं असं वाटतंय. आत नळ्या लावल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, काही दिवस.

२८ एप्रिल

मुलगा कालपासून बापाच्या उशाशी आहे. ओठ ओले करतो, कूस बदलून देतो. आज नेलकटर आणून त्यांची नखं कापली, एकेक बोट धरून, सावकाश. हे शुद्धीवर आले की त्याच्याकडे बघतात आणि तो वाकून काहीतरी बोलतो. घर सोडून गेलेला मुलगा तो हाच, असं सांगूनही कुणाला पटणार नाही.

दुपारी तो कपडे आणायला घरी गेला. परत आला तो आत गेला नाही. मला खुणेने बाहेर बोलावलं आणि व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

‘पिंप उघडलं मी,’ म्हणाला. ‘आई, त्या खोलीच्या दारात उभं राहवत नाही. आणि तू त्याच घरात राहतेस.’

मी व्हरांड्याचा कठडा धरला.

‘मला वाटत होतं ना, पाकाचा वास आहे. तुला कसं नाही कळलं? तुला?’ त्याचा आवाज चढला, मग त्याने तो खाली आणला. ‘खरं सांग. त्या रविवारी बाबांनी तुझ्या तोंडावर हा केलं. तेव्हा वास आला होता ना?’

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मला वास येत नाही, वर्ष होऊन गेलं, आणि तुझ्या बापाला ते माहीत होतं. इतकंच बोलायचं होतं, मी सुटले असते. पण माझ्या मुलाला मी ओळखते. दारुडा बाप त्याने एकदाचा पदरात घेतला होता. आईच्या दुखण्याचा आडोसा करून पिणारा, आणि त्याच्या तोंडून चुकलो म्हणवून घेणारा बाप त्याने घेतला नसता. तो त्याच पावली निघून गेला असता. मागच्या वेळी परत यायला त्याच्याकडे वर्षं होती. या वेळी दिवससुद्धा नव्हते. आत तो माणूस स्वतःची नखं बघत पडला होता.

ह्यांच्यासाठी मी हे केलं नाही. ह्यांच्यासाठी काही करावं असं माझ्यात आता उरलेलं नाही. बाप मरताना आपण उठून गेलो, हे मुलाला जन्मभर पुरलं असतं.

‘आला होता,’ मी म्हटलं.

‘आणि तू काही नाही म्हणालीस.’

‘तुम्ही दोघं बरे बोलत होतात. मला ते मोडायचं नव्हतं.’

‘तुला माहीत होतं आणि तू खजूर आणून देत राहिलीस.’

मी मान हलवली. तो मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघत राहिला. मग आत निघून गेला आणि बापाच्या उशाशी बसला. सूनबाई माझ्यासाठी चहा घेऊन आली होती, तिनेही तो माझ्या हातात न देता बाकावर ठेवला.

१ मे

मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. खोलीत आम्ही दोघंच. हे जागे होते, डोळे हळदीसारखे पिवळे. मला वाटलं, आता बोलतील. मी खुर्ची जवळ ओढली. तीस-पस्तीस वर्षांत या माणसाच्या तोंडून एक शब्द ऐकायला मी कधी इतकी थांबले नव्हते.

‘पोराला सांगितलंस का?’ त्यांनी विचारलं.

‘कशाचं?’

‘तुझ्या नाकाचं.’

‘नाही.’

‘मग काय सांगितलंस?’

‘मला वास येत होता म्हणून सांगितलं.’

ह्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण गेला. ‘बरं केलंस,’ म्हणाले.

मी आणखी थोडा वेळ थांबले. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. ह्यांनी पाणी मागितलं. मला त्यांचा इतका राग आला होता की पेला भरताना थोडं पाणी चादरीवर सांडलं. तरी मी त्यांच्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठांशी नेला.

तेवढ्यात मुलगा आत आला. औषधांची पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे न बघता माझ्या हातातून पेला काढून घेतला.

‘मी पाजतो,’ म्हणाला. ‘तू बाबांना काही देऊ नकोस.’

मी उठून त्याला खुर्ची दिली.